सुभेदारांच्या ब्रेकचा आवाज

साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीमागे एखादी काळी मॉरिस मोटार चाललेली असावी, मोटारीत ड्रायव्हरखेरीज कुणी नसावं, आणि पुढच्या एसटीत खिडकीपाशी बसलेल्या बाई त्या ड्रायव्हरच्या धर्मपत्नी असाव्यात, असं दिसलं की खुशाल समजावं, आमचे फडतरे सुभेदार सासुरवाडीला निघाले आहेत.

मी थट्टा करत नाही. सत्तरच्या पुढची ती वर्षं, पेट्रोल महाग झालेलं, आणि हा गृहस्थ रिकामी मोटार घेऊन बायकोच्या एसटीमागून थेट सांगलीपर्यंत जायचा. एसटी उंब्रजला थांबली की मोटार थांबे. कराडला वहिनी एसटीतून उतरत, सुभेदार मोटारीतून उतरत, दोघं स्टँडवरच्या कँटीनमध्ये समोरासमोर बसून चहा पीत. कंडक्टरने घंटी दिली की वहिनी पुन्हा एसटीत आणि सुभेदार पुन्हा मोटारीत. पुढे इस्लामपूर, आष्टा, तोच प्रकार. एकदा एका नव्या कंडक्टरला संशय आला. त्याने वहिनींना हळूच विचारलं, "बाई, ह्यो काळ्या मोटारीवाला साताऱ्यापासनं मागं लागलाय. पोलिसाला सांगू का?"

वहिनी म्हणाल्या, "नगं. नवरा हाय माझा."

सुभेदार माझे शेजारी. सदरबझारात आमच्या दोघांच्या घरांना मिळून एकच आवार होतं. आवारात एक चिंच, चिंचेखाली मॉरिस आणि मॉरिसखाली बहुतेक वेळा सुभेदार. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्या पायांशी बोलायची सवय करून घ्यावी लागे. फौजेत पंचवीस वर्षं त्यांनी ट्रक आणि जीपगाड्या दुरुस्त केल्या होत्या. मी मोजणी खात्यात कारकून. लोकांच्या जमिनीच्या हद्दी कागदावर आखणं हे माझं काम, त्यामुळे सुभेदारांना माझ्याविषयी एक प्रकारचा आदर होता. "दिनकरराव, तुमी मोजणारी मान्सं. तुमच्या डोळ्याला फरक दिसतो," असं ते म्हणत आणि लगेच हातात काहीतरी धरायला देत.

सुभेदारांच्या मते जगात अपघात नावाची चीज नव्हती. गलती होती. आणि गलती असली की ती कुणाची तरी असणारच. घरात दूध उतू गेलं की सुभेदार चुलीपाशी हजर: "गलती कुणाची?" मग रीतसर चौकशी. दूध कुणी ठेवलं, जाळ कुणी घातला, हाक कुणी मारली. शेवटी निकाल लागे की गलती गवळ्याची, त्याने दूध वेळेवर आणलं असतं तर ते घाईने तापवावं लागलं नसतं. एकदा त्यांनी माझा टेबलफॅन दुरुस्त करून दिला. त्यानंतर तो पंखा मान फिरवून भिंतीकडे तोंड करी आणि तिथेच थांबे. मी तक्रार केली. सुभेदारांनी खोलीत उभं राहून सगळीकडे पाहिलं, पंखा पाहिला, भिंत पाहिली आणि म्हणाले, "गलती भिंत बांधनाऱ्याची. लय जवळ बांधलीया."

स्वतः सुभेदारांची गलती मात्र कधीच निघत नसे. "पंचवीस वर्सं नोकरी केली, दिनकरराव. माज्या हातनं एकबी गलती न्हाई." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजणी आमच्या खात्यालाही जमली नसती.

फक्त एका गोष्टीची चौकशी त्यांनी कधी केली नाही. पाच वर्षांपूर्वी पाचगणीहून परत येताना पसरणीच्या घाटात मॉरिसचा ब्रेक गेला. शेजारी वहिनी, त्यांच्या मांडीवर स्ट्रॉबेरीची पाटी. सुभेदारांनी मोटार डोंगराच्या अंगाने घासत नेली आणि आतल्या चरात घातली. मोटार थांबली, दोघांना खरचटलंसुद्धा नाही. पाटी मात्र उपडी झाली. मागून आलेल्या ट्रकमधल्या लोकांनी वहिनींचं लालभडक झालेलं लुगडं पाहिलं आणि एकच गिल्ला केला. वहिनींनी त्यांना दोन-दोन स्ट्रॉबेऱ्या दिल्या तेव्हा कुठे ते शांत झाले. एवढं मला वहिनींनीच हसत हसत सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "मी तुमच्या गाडीत बसायची न्हाई." का, ते सांगितलं नाही. किती दिवस, तेही नाही. भांडण नाही, अबोला नाही, घरात सगळं पूर्वीसारखंच. गाडी तेवढी वर्ज्य.

सुभेदारांनी कुणालाच विचारलं नाही, गलती कुणाची म्हणून. एसटीमागून मात्र जायला लागले. मी एकदा विचारलं, "अहो, त्या एसटीत सुखरूप जातात, तुम्ही कशाला मागून जाता?" तर म्हणाले, "यष्टीचा बी ब्रेक जातू की." आता एसटीचा ब्रेक गेला तर मागची मॉरिस काय करणार होती, हे विचारण्याचं धाडस मला झालं नाही. त्या पाच वर्षांत दुसऱ्या कुणालाही त्यांनी शेजारच्या सीटवर बसवलेलं मी पाहिलं नाही. मी पावसात भिजत कचेरीला निघालो तरी ते काच खाली करून "छत्री घ्या की" एवढंच सांगत पुढे जात.

मग त्या वर्षी श्रावणात सुभेदार वाईहून जवळजवळ पळतच आले. पाचगणीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या कुणी विलायती बाई मायदेशी परत गेल्या होत्या आणि त्यांची जुनी विलायती मोटार वाईच्या एका भंगारवाल्याने उचलली होती. सुभेदार त्याच्या पाण्याच्या इंजिनाची दुरुस्ती करायला गेले होते.

"दिनकरराव, थाळीब्रेक हाय! पुढच्या दोनी चाकांना थाळीब्रेक!"

माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही तेव्हा त्यांनी वहिनींची भाकरीची परात मागवली आणि मला समजावलं. आपल्या गाड्यांचा ब्रेक डब्यात कोंडलेला. घाटात तापतो, तापला की ढिला पडतो. विलायती ब्रेक उघड्यावर. चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, आणि पाय दाबला की एक चिमटा तिला दोन्ही बाजूंनी पकडतो. वारा लागत राहतो, त्यामुळे तापून ढिला पडत नाही. हे सांगताना त्यांनी परात फिरवली आणि माझी दोन बोटं तिच्या काठाला चिमट्यासारखी लावली. माझी बोटं पोळली, ब्रेक मला कळला.

भंगारवाल्याचं इंजिन चालू करून देण्याच्या बदल्यात त्यांनी तो सगळा संच घरी आणला. पण विलायती ब्रेक मॉरिसला सरळ बसेना. मध्ये जाड लोखंडी पट्ट्या लागणार होत्या. वहिनी माहेरी निघाल्या तेव्हा हे नेहमीप्रमाणे एसटीमागून सांगलीला गेले, तिथल्या एका लेथवाल्याच्या डोक्यावर तीन दिवस बसले आणि पट्ट्या कापून, भोकं पाडून घेऊन आले. वहिनींनी "हे काय?" म्हणूनही विचारलं नाही. त्या गाडीकडे बघतच नसत. आवारातून जाताना चिंचेला वळसा घालून जात.

खंडेनवमीला सुभेदारांनी चिंचेखाली दोन गोणपाटं अंथरली. एकावर पाने, हातोडे, कानशी, सगळ्यांची उंचीप्रमाणे रांग, कवायतीला उभे केल्यासारखी. दुसऱ्यावर पेट्रोलने लखलखीत धुतलेले ब्रेकचे भाग, आणि थाळी नि चाक ज्यावर बसतं ते दोन्ही हब. पान्यांना कुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडू आणायला राजवाड्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळच्या मुहूर्तावर थाळ्या बसवायच्या होत्या. निम्मी गल्ली बघायला जमली, आणि सुभेदारांना फौजेतल्या वर्गावर शिकवल्याचा भास झाला. तोंड आमच्याकडे, हात चाकाच्या हबवर. "बसवायच्या आदी जागा साफ पायजे! धुळीचा कन चालनार न्हाई! फौजेत ह्यासाठनं सजा हाय!" असं गरजत त्यांनी मागे न बघताच एक फडकं फिरवलं, थाळी हबवर ठेवली आणि चार बोल्ट कसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात मीही होतो.

संध्याकाळी सोनं द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. सुभेदार वहिनींच्या हातावर आपट्याची पानं ठेवत म्हणाले, "आता तरी बसशील का?" त्यांचा आवाज मी कधी इतका मऊ ऐकला नव्हता.

वहिनींनी पानं पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाल्या, "पसरणीचा घाट उतरून दावा. शेजारी मानूस बसवून. आनि गाडीनं आवाज करायचा न्हाई. मग भाऊबिजेला सांगलीला तुमच्या गाडीतनं येते."

"मानूस कोन?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी हायत की. ते खोटं बोलायचं न्हाईत."

मला बायको होती, दोन मुलं होती, आणि घाटाची मला पहिल्यापासून भीती वाटते. पण हे सणासुदीला बोलणार कसं?

दसऱ्यापासून भाऊबीज तीन आठवडे. मॉरिस आवारातून बाहेर पडली आणि पहिल्याच वळणावर खर्रर करून ओरडली. सुभेदारांचा चेहरा पडला. त्यांनी मोटार परत आणली, चाक काढलं, चिमट्याला ओला गेरू फासला, चाक चढवून हाताने फिरवलं आणि पुन्हा काढलं. चाकाच्या आतल्या अंगाला एक लाल रेघ उठली होती. चिमट्याच्या कोपऱ्याचा एक उंचवटा चाकाला लागत होता. "गलती ओतनाऱ्याची," सुभेदारांनी निकाल दिला आणि दिवसभर कानस चालवून तो उंचवटा उतरवला.

खर्रर गेलं. मग सुर्रर आलं. ते फक्त उजवीकडे वळताना. कारण सापडेपर्यंत दोन दिवस सुभेदार साताऱ्यात फक्त डावीकडे वळत होते. पोवई नाक्यावरून घरी यायला त्यांना सगळं गाव फिरून यावं लागे, आणि मला भाजी आणायला सांगितली होती तर मी ती घेऊन पायी त्यांच्या आधी पोचलो. शेवटी कळलं, ब्रेकच्या तेलाची रबरी नळी टायरला घासत होती. गलती रबरवाल्याची. नळी तारेने मागे ओढून बांधली. मग किर्रर आलं. ते थाळीमागच्या पत्र्याचं. पत्रा वाकलेला, गलती विलायती बाईंची. पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने जरा मागे रेटला. किर्रर गेलं.

उरलं ते शिक्. इतर सगळ्या आवाजांपेक्षा बारीक, पण चिवट. शिक्... शिक्... शिक्... चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. ब्रेक दाबला की पायाखाली पेडल गुदगुल्या केल्यासारखं हले. सुभेदारांनी टायरवर खडूची खूण केली आणि मला मोटारीबरोबर धावायला लावलं. खूण वर आली की मी "आली!" म्हणायचं. "आली" आणि "शिक्" बरोबर एकाच वेळी. सदरबझारातल्या लोकांनी मला सरकारी नोकर असून मोटारीमागे ओरडत धावताना पाहिलं. कचेरीत दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, आवाज तसाच असताना, सुभेदार म्हणाले, "घाटात गेल्यावर जाईल. गाडी मोकळी झाली की जातंय." मला ते पटलं नाही, पण गेलो. वर जाताना ठीक होतं. पाचगणीला चहा घेतला आणि उतरायला लागलो. सुभेदार एक अक्षर बोलेनात. दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं की बोटं पांढरी पडली होती. दर वळणाला माझ्याकडे एकदा पाहायचे, मग रस्त्याकडे. आणि खालून सतत शिक्, शिक्, शिक्. ब्रेक उत्तम लागत होता, मोटार सांगेल तिथे थांबत होती, पण त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. वाई आली तेव्हा ते रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं नुसते बसून राहिले. मला वाटलं, आवाज गेला नाही म्हणून.

वहिनी दारातच होत्या. "भावजी, आवाज?"

"आला, वहिनी."

"आनि ह्यास्नी घाम आलता का?"

हा प्रश्न मला जरा चमत्कारिक वाटला. "सदरा पिळून काढावा इतका."

"मग न्हाई," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. थाळीजवळ एका विटेवर खिळा बांधून ठेवला आणि थाळी फिरवली. खिळा एका जागी थाळीला टेकत होता, बाकी सगळीकडे फट. म्हणजे थाळी तिरकी फिरत होती. गलती सांगलीच्या लेथवाल्याची. नाही, पट्ट्या बरोबर होत्या. मग गलती थाळी घडवणाऱ्याची. नाही, थाळीच्या तोंडावर फूटपट्टी धरली तर ती सपाट होती. मग रस्ता बांधणाऱ्याची. मग मोटारीबरोबर धावताना खूण नीट न बघणाऱ्याची, म्हणजे माझी.

इथे मात्र माझं डोकं फिरलं. घाटात मी जीव मुठीत धरून बसलो होतो, साहेबांनी मला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं होतं. "सुभेदार," मी म्हणालो, "तुम्ही सगळ्या जगाचं काम तपासलंत. तुमचं स्वतःचं तपासलंत का? थाळी ज्यावर बसवलीत तो हब बघितलात का?"

ते उठून आत गेले. मला वाईट वाटलं. इतकं बोलायला नको होतं. पण तासाभराने त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "या, दिनकरराव. माज्या हाताचं बगू."

चार बोल्ट काढले. थाळी बाजूला केली. दुसऱ्या बाजूची थाळीही काढून पाहिली, तिथला हब नुसता लालसर. पण या हबच्या चकचकीत पाठीवर हळदीकुंकवाचा वाळलेला डाग होता, आणि त्या डागात तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल झालेला, चार बोल्टांच्या दाबाने चपटा होऊन लोखंडाला घट्ट बसलेला. थाळी त्या दाण्यावर तिरकी होऊन दसऱ्यापासून फिरत होती.

मी "गलती कुणाची?" ऐकायच्या तयारीत होतो. पण सुभेदार नुसतेच बघत होते. "म्या तर फकस्त पान्यांस्नी कुक्कू लावलं हुतं," ते म्हणाले. "हितं अक्षदा कुनी टाकली?"

मला माहीत होतं. खंडेनवमीला ते झेंडू आणायला गेले तेव्हा मी आमच्या खिडकीत दाढी करत होतो. वहिनी तबक घेऊन चिंचेखाली आल्या होत्या. ज्या गाडीला वळसा घालून जात, तिच्यापाशी गुडघे टेकून बसल्या, गोणपाटावरच्या ब्रेकच्या एकेका तुकड्याला त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून हात जोडले. माझी एक बाजू दाढी होऊन साबण वाळला तरी त्या उठल्या नव्हत्या. तेव्हा मी त्याचा फारसा विचार केला नव्हता. आता सुभेदारांना सांगितलं.

ते जमिनीवर बसले. "ती?" म्हणाले. "ती तर गाडीकडं बगत बी न्हाई."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच वर्सं मला वाटतंय दिनकरराव, मी तिच्या मनातनं उतरलो. त्या दिशी माजीच गलती हुती. ब्रेकचं तेल बगायचं ऱ्हायलं हुतं. ती कवा बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. यष्टीच्या मागनं जाताना दरखेपी वाटायचं, आता ही माघारी वळून बगंल. कवाच बगितलं न्हाई. मला वाटलं, संपलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस माझ्यासमोर चिंचेखाली रडत होता, आणि मला काय करावं ते कळेना म्हणून मी चारही बोल्ट उगाच एका रांगेत लावून ठेवले.

तो दाणा त्यांनी पान्याने खरवडला नाही. नखाने सोडवला. मग माझा दंड धरून म्हणाले, "तिला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई. माजी अक्षदा आडवी आली म्हनंल, अपशकुन म्हनंल. जन्मात बसायची न्हाई."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा पसरणीचा घाट उतरलो. खालून काही आवाज नाही, फक्त वारा. आणि सुभेदार बोलत होते! सबंध घाटभर बोलत होते. एका कर्नलसाहेबांच्या खेचराची गोष्ट त्यांनी पहिल्या वळणावर सुरू केली ती पायथ्याला संपली, मध्ये एका हाताने त्यांनी ते खेचर कसं लाथा झाडत होतं तेही करून दाखवलं. मी ओरडलो, "हात, हात! चाकावर हात!" तर हसले. वाईला न थांबता सरळ घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळीच मला बोलावणं आलं, साक्षीला. सुभेदार पाटावर बसलेले, नवा सदरा, समोर वहिनी औक्षणाचं ताट घेऊन. कुंकू लावलं. अक्षता चिमटीत घेतल्या आणि हात वर नेता नेता त्या थांबल्या.

"आवाज गेला म्हनं," त्या म्हणाल्या. "काय घासत हुतं?"

वहिनींच्या चिमटीत कुंकवाने लाल झालेले तांदूळ. सुभेदारांनी वर पाहिलं, त्या चिमटीकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"माजी गलती," ते म्हणाले. "बसवायच्या आदी जागा पुसायची असती. म्या नीट पुसली न्हाई."

स्वयंपाकघरात दिवाळीला आलेली सुभेदारांची म्हातारी मावशी करंज्या तळत होती, तिच्या हातातला झारा थांबला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का, भावजी?"

"हो," मी म्हणालो. "त्यांचीच." आणि तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं.

वहिनींनी अक्षता त्यांच्या डोक्यावर टाकल्या, ओवाळलं. सुभेदार उठून बाहेर गेले आणि मोटार पुसायला लागले. वहिनींनी मला फराळाची ताटली दिली आणि हळूच विचारलं, "काल घाटात ह्यास्नी घाम आलता का?"

"अजिबात नाही. खेचराची गोष्ट सांगत होते."

त्यांनी डोळे मिटले. "झालं मग."

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही आवाजाचं विचारता ते समजलं. पण हे घामाचं काय आहे?"

त्यांनी दाराबाहेर मोटार पुसणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. "त्या दिशी घाटात मी भ्याले न्हवते, भावजी. गाडी थांबली तवा मी स्ट्रॉबेऱ्या गोळा करत हुते. ते कडंला बसलं आनि थरथर कापाय लागलं. एवढा गडी. तुला कायतरी झालं असतं, तुला कायतरी झालं असतं, येवढंच म्हनत हुतं. पुढं महिनाभर मी शेजारी बसले की त्यांचं हात कापायचं, घाम फुटायचा. एकटं असलं की न्हाई. मग मीच म्हनलं, मी बसत न्हाई. त्यास्नी वाटू दे, मी भ्याले. यष्टीत बसून मी मागं वळून बगत नव्हते, बगितलं तर ते पुन्हा चाक आवळून धरतील म्हनून."

"त्यांना सांगितलंत कधी?"

"काय सांगू? तुमी माज्यापायी भ्यालासा म्हनू? फौजेतला मानूस हाय."

बाहेर मोटार सुरू झाली. वहिनींनी पदर सावरला, चपला घातल्या आणि चिंचेला वळसा न घालता सरळ गेल्या. सुभेदारांनी शेजारचं दार उघडून धरलं होतं. त्या बसल्या. भाऊबीज उद्यावर होती; दोघं सांगलीला निघाले, गल्लीतून उजवीकडे वळले. मी फराळाची ताटली हातात धरून फाटकाशी उभा होतो. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे सुभेदारांनी दंड धरून आणि वहिनींनी न बोलताच माझ्यावर सोपवलं होतं, आणि ते मी आजपर्यंत सांगितलं नाही.